शास्त्रीबुवांना फक्त मंगलाचरणाला बोलावू नका : तत्त्वज्ञान आणि संगणक परिषदांच्या संयोजकांना खुले पत्र

महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत ‘भारतीय तत्त्वज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर परिषदा भरवणाऱ्या सर्व संयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

2020 मध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं. त्याच वर्षी एआयसीटीईत, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेत, भारतीय ज्ञानपरंपरेचा वेगळा विभाग सुरू झाला. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून तुमच्या परिषदांची निमंत्रणं थांबलेली नाहीत. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हौसेनं न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, वाचतो, त्यामुळे दोन्हीकडच्या ग्रुपवर ती येतात. जमेल तेव्हा मी येतो, मागच्या रांगेत बसतो. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, बीजभाषण होतं आणि पहिल्या दहा मिनिटांत ती स्लाइड येते : ‘नासा म्हणते, संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा आहे.’

या स्लाइडपासूनच सुरुवात करतो, कारण तिच्यामागे एक खरा लेख आहे आणि तो स्लाइडपेक्षा कितीतरी चांगला आहे.

रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकानं तो लिहिला. तो तेव्हा कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत काम करत होता. लेख 1985 च्या वसंतात ‘एआय मॅगझिन’मध्ये छापून आला. नासानं काही जाहीर केलं नव्हतं. एका माणसानं स्वतःच्या नावानं लेख लिहिला होता, एवढंच. संस्कृतात प्रोग्रॅम लिहावेत असंही त्यात नाही. ब्रिग्जचं म्हणणं वेगळं होतं. वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्या काळचे लोक ‘सिमँटिक नेट’ नावाच्या आकृत्या काढत : मधे क्रिया, तिला जोडलेला कर्ता, कर्म, साधन, ठिकाण. ब्रिग्जनं उदाहरण घेतलं ते असं : मैत्र मैत्रीखातर देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवतो. या वाक्याची संस्कृत वैयाकरणांनी, म्हणजे व्याकरणकारांनी, केलेली फोड आणि सिमँटिक नेट त्यानं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं की दोन्हींचा नुसता आशय नाही, रूपही एकच आहे. संस्कृतवाल्यांनी हे काम फार पूर्वी करून ठेवलंय आणि आपण चाक पुन्हा शोधतोय, असाही त्याचा सूर होता.

त्यानं ज्यांचा आधार घेतला त्यांत नागेशभट्ट होते. नागेशभट्ट म्हणजे काशीत राहिलेले, काळे आडनावाचे मराठी वैयाकरण. महाराष्ट्रातल्या एकाही बीजभाषणात मी हे नाव ऐकलेलं नाही. नासा मात्र प्रत्येक भाषणात असते.

बरं, त्या लेखातली चर्चा पुढे न्यायची तर जागा आहे. ‘चैत्र गावाला जातो’ (चैत्र हे माणसाचं नाव) या वाक्यात मुख्य काय? वैयाकरण म्हणतात, क्रिया मुख्य, बाकी सगळं तिला लटकलेलं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणतात, नाही, प्रथमेतला चैत्र मुख्य, क्रिया हे त्याचं विशेषण. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे, तिसरंच सांगतात. आज वाक्याची फोड करणाऱ्या बहुतेक प्रणाली क्रियापदाला मूळ धरतात, म्हणजे न सांगता वैयाकरणांच्या बाजूनं उभ्या राहतात. आपल्याकडे विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारकांवर (कर्ता, कर्म अशा क्रियेशी असलेल्या नात्यांवर) उभी केलेली पद्धत 1995 मध्ये पुस्तकरूपात आली. 2007 मध्ये पॅरिसजवळ जेरार ह्युए यांच्या संस्थेत संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाची पहिली परिसंवाद-परिषद झाली. पुढे ती हैदराबादला झाली, दिल्लीला झाली, 2013 मध्ये आयआयटी मुंबईतही झाली. तिथं लोक संधी सोडवतात, समास फोडतात, यंत्र कुठे चुकलं ते मोजतात. किचकट काम आहे, टाळ्या पडत नाहीत. तुमच्या बीजभाषणांत या कामाचा उल्लेख येत नाही आणि मला ते खटकतं. पाणिनीचं नाव घेऊन छाती फुगवायची आणि पाणिनीवर रोज घाम गाळणाऱ्याला समांतर सत्र क्रमांक चारमध्ये, जेवणानंतर, आठ मिनिटं द्यायची!

तत्त्वज्ञान आणि संगणक यांची भेट काही आपण घडवून आणलेली नाही. 1950 चा अ‍ॅलन ट्युरिंगचा ‘यंत्र विचार करू शकेल का’ हा लेख ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. 1969 मध्ये जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी यंत्राच्या बाजूनं तत्त्वज्ञानाचे प्रश्न मांडले. एक कृती केल्यावर जगातलं काय बदलतं हे यंत्राला सांगता येतं, पण काय काय बदलत नाही हे सगळं कसं सांगायचं, असा तो पेच होता. तो अजून पुरता सुटलेला नाही. 1986 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीत ‘संगणन आणि तत्त्वज्ञान’ या विषयाची पहिली परिषद भरली. तिच्या परंपरेतून 2004 मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आणि त्याच 1986 च्या डिसेंबरात बंगळुरूला संस्कृतातलं ज्ञानप्रतिरूपण आणि अनुमान या विषयावर राष्ट्रीय परिषद झाली. शास्त्री आणि संगणकवाले तिथे एकत्र आले होते. म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर आपण मागे नव्हतो. आज मात्र आपल्या परिषदेत भाषणं होतात, वाद होत नाही.

वाद कशावर घालायचा, ते आता सांगतो. हे पत्र त्यासाठीच लिहिलंय.

आजची भाषिक मॉडेल्स वाक्यं तयार करतात आणि माणसं ती वाचून विश्वास ठेवतात. दुसऱ्याच्या वाक्यावरून होणारं ज्ञान हा आपल्याकडे शब्दप्रमाणाचा विषय. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे अगदी पहिल्या पायरीचं पुस्तक. त्यातही सांगितलंय की शब्द म्हणजे आप्ताचं वाक्य आणि आप्त म्हणजे खरं बोलणारा. मग वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात : आकांक्षा, योग्यता, संनिधी. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ एवढंच म्हटलं तर पदांना एकमेकांची ओढ नाही, आकांक्षा नाही. ‘अग्नीनं शिंपावं’ यात योग्यता, म्हणजे अर्थांचा मेळ, नाही. एक पद आत्ता आणि दुसरं तीन तासांनी उच्चारलं तर संनिधी नाही.

मॉडेलला या कसोटीवर लावून बघा. आकांक्षा त्याच्याइतकी कोणी पाळत नाही. कोणत्या पदानंतर कोणतं पद यावं यावरच तर ते पोसलंय. संनिधीही आहे. योग्यता? ‘अग्नीनं शिंपावं’ असं ते सहसा लिहिणार नाही, कारण तसं कोणी लिहीत नाही. पण अस्तित्वात नसलेला न्यायनिवाडा, कोणीच न लिहिलेला शोधनिबंध, त्याचं वर्ष, पृष्ठक्रमांक हे सगळं ते बिनदिक्कत लिहून देतं. ऐकायला योग्य, प्रत्यक्षात बाधित, म्हणजे वस्तुस्थितीशी तपासलं की खोटं. म्हणजे योग्यता कशाला म्हणायचं? वाक्य ऐकताना विसंगती न जाणवणं पुरेसं आहे, की वस्तुस्थितीत बाध नसणं हवं? टीकाकारांनी यावर बराच खल केलाय. मॉडेलवाल्यांना हाच प्रश्न रोज पडतो, फक्त त्यांच्याकडे त्याची इतकी सूक्ष्म मांडणी नाही.

आणि मग पोपट.

2021 मध्ये एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि इतरांनी भाषिक मॉडेल्सच्या धोक्यांवर एक निबंध लिहिला आणि या मॉडेल्सना संभाव्यतेच्या जोरावर बोलणारे पोपट म्हटलं. ती उपमा जगभर गाजली. तुमच्याकडच्या परिषदांतही ती ऐकली, इंग्रजी उच्चारात. तिथे बसलेल्या कोणीही उठून सांगितलं नाही की नैयायिकांनी पोपटाच्या वाक्यावर, शुकवाक्यावर, शेकडो वर्षांपूर्वी वाद घातलाय.

तो आहे विश्वनाथ पंचाननाच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत, 17 व्या शतकातल्या ग्रंथात, आणि तर्कसंग्रह झाला की विद्यार्थी साधारण हाच ग्रंथ हातात घेतो. म्हणजे कुठल्या दुर्मिळ पोथीत नाही. प्रसंग असा : ‘सैंधव आण’ म्हटलं, तर सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणतो तेव्हा मीठ, प्रवासाला निघालेला म्हणतो तेव्हा घोडा. म्हणून वक्त्याची इच्छा, म्हणजे तात्पर्य, कळल्याशिवाय वाक्यार्थ कळत नाही असं ठरतं. लगेच अडचण उभी राहते. पोपट बोलतो, आपल्याला अर्थ कळतो, पण पोपटाला तर काही सांगायचं नसतं. मग तात्पर्य कोणाचं?

मुक्तावलीचं पहिलं उत्तर : पोपटाच्या वाक्यामागे ईश्वराचं तात्पर्य धरायचं. हे ऐकून आजचा श्रोता हसतो, पण पुढचं वाक्य ऐकून हसू थांबावं. पोपट खोटं बोलला तर? तिथे ईश्वराला मध्ये ओढता येत नाही. तिथे तात्पर्य त्याला शिकवणाऱ्याचं. आणि त्यानंतर तिसरं, ‘इतरांचं’ म्हणून दिलेलं मत : तात्पर्य कळणं सगळीकडे लागतच नाही, अनेकार्थी शब्दांसारख्या मोजक्या ठिकाणीच लागतं, पोपटाचं वाक्य तात्पर्यावाचूनच कळतं.

चार-पाच ओळींत तीन भूमिका. एकेका भूमिकेवर अर्धा दिवस द्या, मग बघा काय होतं ते.

तिसरी भूमिका मान्य केली तर यंत्राच्या वाक्याचा अर्थ लागायला यंत्राच्या मनाची गरजच उरत नाही. ‘त्याला खरंच कळतं का’ हा प्रश्न ज्ञान मिळण्याच्या दृष्टीनं बाजूला पडतो. 1980 मध्ये जॉन सर्लनं ‘चिनी भाषेची खोली’ मांडली (आतल्या माणसाला चिनी कळत नाही, तो नुसते नियम पाहून चिनीत उत्तरं देतो) तेव्हापासून पाश्चात्त्य वाद बोलणाऱ्याच्या आत काय चाललंय याभोवती फिरतोय. इथे तो ऐकणाऱ्याकडे येतो. मला हे वळण फार मोलाचं वाटतं.

दुसरी भूमिका त्याहून टोकदार. खोट्या पोपटाचं उत्तरदायित्व शिकवणाऱ्यावर. आता शिकवणारा कोण ते ठरवा. ज्यांचे लेख न विचारता गोळा केले ते लाखो लेखक? त्यांची तात्पर्यं एकमेकांच्या उलट आहेत. ‘हे उत्तर बरं, ते वाईट’ असे गुण देणारे कामगार? मॉडेल बांधणारी कंपनी? की प्रश्न टाइप करताना हवं ते उत्तर सुचवणारा मी? नैयायिकाचा पोपट एका घरात, एका माणसाकडे शिकलेला असतो. इथे दृष्टान्त ताणला जातो, आणि तो नेमका कुठे तुटतो हे शोधण्यातच परिषदेचं सार्थक आहे. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणून थांबलात तर मुक्तावलीचाही अपमान आणि मॉडेलवाल्यांचाही वेळ फुकट.

मीमांसकांनाही बोलवा. दोष येतात ते वक्त्यामुळे. वेदाला कर्ता नाही म्हणून वेदात दोष नाही, हा त्यांचा गाभा. आता त्यांच्यापुढे असं वाक्य ठेवा की जे कोणा एका माणसानं रचलेलं नाही आणि तरी धडधडीत खोटं आहे. ते काय म्हणतील याचा मी अंदाज करू शकतो : हे वाक्य अपौरुषेय नव्हेच, हजारो पुरुषांच्या दोषांचा गाळ आहे. पण ते त्यांच्या तोंडून, युक्तिवादासह ऐकायचंय. शिवाय ज्ञान मुळात खरं धरायचं आणि बाध आला तर सोडायचं, की बाहेरून तपासल्याशिवाय खरं मानायचंच नाही, हा मीमांसक-नैयायिकांचा जुना झगडा तर चॅटबॉट वापरणाऱ्या प्रत्येक वकिलाचा, डॉक्टरचा आणि दहावीच्या पोराचा रोजचा प्रश्न आहे.

वैशेषिक आणि बौद्ध तर शब्दाला वेगळं प्रमाण मानतच नाहीत, ते त्याला अनुमानात घालतात. त्यांच्या वाटेनं गेलात तर उपाधीपाशी पोहोचाल. आग दिसली म्हणून धूर असणारच असं म्हणता येत नाही. ओलं सरपण हवं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, आणि ती लक्षात न घेता बांधलेली व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ असा नियम, खोटी ठरते. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलवरचा 2018 चा एक अभ्यास बघा. मॉडेल एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे ओळखायला शिकलं होतं, आणि ज्या रुग्णालयात न्यूमोनिया जास्त, तिथल्या फोटोला त्यानुसार झुकतं माप देत होतं. दुसऱ्या ठिकाणचे एक्स-रे आले की कामगिरी घसरली. हा सोपाधिक, म्हणजे उपाधी दडलेला, हेतू आहे, पुस्तकातल्यासारखा. उपाधी शोधण्याच्या युक्त्या नव्यन्यायात, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या परंपरेत, ढिगानं आहेत. त्यातली एक तरी आजच्या डेटावर चालते का, हे कोणीतरी करून दाखवायला हवं. मला वाटतं चालेल, पण करून बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

हे सगळं कसं भरवायचं याचाही नमुना आपल्याकडे आहे आणि तो पुण्यातलाच. जुलै 1983 मध्ये पुण्यात ‘संवाद’ नावानं एक प्रयोग झाला. तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि मे. पुं. रेगे त्यात पुढे होते. बर्ट्रंड रसेलचा विधानांविषयीचा विचार संस्कृतात मांडून तो पारंपरिक पंडितांपुढे ठेवला गेला, आणि पंडितांनी आपल्या शास्त्राच्या शिस्तीत त्याला उत्तरं दिली. पुढे त्याचं पुस्तकही निघालं. शास्त्री तिथे जिवंत प्रतिपक्ष म्हणून बसले होते. एकच मजकूर, तो आधी हातात दिलेला, दोन्ही बाजूंना एकमेकांचं ऐकावंच लागेल अशी मांडणी.

आता तुमच्या परिषदेतलं चित्र. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण एकाहून जास्त ठिकाणी तेच पाहिलंय. वेदशास्त्रसंपन्न गुरुजी येतात, मंगलाचरण म्हणतात, शाल घेतात आणि चहाच्या वेळेपर्यंत निघून जातात. कार्यक्रमपत्रिकेत पुढे त्यांचं नाव नसतं. मग दिवसभर न्यायशास्त्रावर अशी माणसं बोलतात ज्यांनी न्यायाचं एकही पान गुरूपुढे बसून लावलेलं नाही. दुसऱ्या बाजूला संगणक विभागातले तरुण प्राध्यापक ‘एथिक्स’ असं शीर्षक दिलेली, कुठल्याही देशात चालेल अशी पीपीटी दाखवतात. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली जातात. प्रमाणपत्रांवर माझा राग नाही. बढतीच्या गुणांसाठी ती लागतात आणि नियम प्राध्यापकांनी केलेले नाहीत. पण दोन दिवसांत शंभर पेपर ‘वाचून’ कोणाच्या पदरात काय पडतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

भाषेचं सांगायला हवं. परिषद महाराष्ट्रात, बोलणारे मराठी, ऐकणारे मराठी, आणि पेपर फक्त इंग्रजीत स्वीकारणार! भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश मुंबईत तयार झाला, तर्कसंग्रहाची आथल्ये-बोडसांची आवृत्ती मुंबईची, दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली 1974 मध्ये मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत निघाला. या भाषेत या विषयावर विचार झालेला आहे. अमृतानुभवात ज्ञानदेवांनी शब्दखंडनाला अख्खं प्रकरण दिलंय : आधी शब्दाचं कौतुक आणि मग शब्द कुठे तोकडा पडतो त्याची झडती. ते प्रकरण जाणणारा एखादा कीर्तनकार तुमच्या सत्रात बसला तर चर्चा खालावणार नाही, खात्री बाळगा. शास्त्रीबुवा संस्कृतात आणि मराठीत बोलतील, संगणकवाले मराठीत बोलतील. टोकन, ट्रान्सफॉर्मर, डेटासेट हे शब्द तसेच राहू द्या, कोणाचं अडत नाही.

तेव्हा विनंती अशी. पुढची परिषद एकाच विषयावर घ्या : शुकवाक्य. मुक्तावलीतला तो उतारा आणि त्याचा मराठी अर्थ, शिवाय आजचं मॉडेल कसं शिकतं याची दहा-बारा पानांची सोपी टिपणं, दोन महिने आधी सगळ्यांना पाठवा. बोलणारे बाराच असू देत. नैयायिक, मीमांसक, एखादा बौद्ध न्याय शिकलेला आणि उरलेले प्रत्यक्ष मॉडेलवर काम करणारे, जे सोबत आपल्या प्रणालीनं दिलेली चुकीची उत्तरं घेऊन येतील, यशोगाथा नाहीत. शास्त्रींना इतरांइतकंच मानधन आणि इतरांइतकाच वेळ. उद्घाटन अर्ध्या तासात संपवा. मंत्रीमहोदय आले नाहीत तरी चालेल, किंबहुना बरंच. चर्चा ध्वनिमुद्रित करून सगळ्यांसाठी खुली ठेवा, म्हणजे अमळनेर-नांदेडच्या विद्यार्थ्यालाही ती ऐकता येईल.

जागा लहान असली तरी हरकत नाही. पाठशाळेचा एखादा वर्गही पुरेल. मॉडेलच्या बाजूचा पूर्वपक्ष लिहायला कोणी मिळालं नाही तर ते काम माझ्याकडे द्या. टिपणं मराठीत करून पाठवतो, आणि शास्त्रीबुवांनी ती खोडून काढली तर नोंदणी शुल्क वसूल झालं असं समजेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या रांगेतला एक सॉफ्टवेअरवाला
पुणे